वावटळीचा व्हिडिओ

बेंबळीच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला ट्यूब घासता घासता माळाकडं बघून सांगतो, "सर, आज वावटळ तिकडून उठंल बघा." तसंच होतं. मला वादळांचे व्हिडिओ काढायचा नाद, म्हणून त्या दुपारी त्याला गाडीवर मागं बसवून माळावर गेलो.

वावटळ भलीमोठी होती. फिरत फिरत ती एका म्हातारीच्या घरावर गेली आणि छपराचा पत्रा उचलू लागली. पंक्चरवाला पळत जाऊन पत्र्याला लोंबकळला.

"सर, धरा की! म्हातारी आत हाय!"

मी मोबाईलच धरून राहिलो.

पत्रा त्यानं एकट्यानंच राखला. घरी येऊन मी त्याचं ओरडणं काढून टाकलं, वर गाणं लावलं आणि व्हिडिओ टाकला.

आता येईल त्या गिऱ्हाइकाला तो दाखवतो, "लोंबकळलोय तो म्या. आमच्या सरांनी लई झकास काढलंय बघा."