सुभेदारांच्या उसाखालचा समुद्र

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान कप खाली ठेवून हसा! मुलगी बघायला गेला आणि तिच्या बापाची जमीन परदेशात ठेवून आला, असा मुलगा कधी पाहिलाय? मग नीट बघून घ्या, तुमच्यासमोरच बसलाय.

झालं असं. आम्ही सांगलीचे, मुलगी कोरेगावजवळची. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशी अशी, की नमस्कार आधी तिलाच करावा.

"पावनं, तुमी काम काय करता?"

"जमिनीच्या पोटात काय आहे, त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करतो. माती, मुरूम, काळा फत्तर, सगळे थर. चारी बाजूंनी फिरवून बघता येतात."

"न खांदता?"

"न खांदता!"

सुभेदारांनी माझ्या वडिलांकडे असं बघितलं, की स्थळ हातचं गेलंच म्हणायचं. आणि मला तर स्मिता दारातून दिसली तेव्हाच पसंत पडली होती!

"मामा, आत्ता दाखवतो," म्हणत मी लॅपटॉप उघडला. त्यांच्या मोबाइलवरून रानाचे अक्षांश-रेखांश घेतले. शेजारच्या तात्यांच्या बोअरला किती खोलीवर काय लागलं, ते विचारून भरलं. वरची जमीन इंटरनेटवरून आपोआप येते. तेवढ्यात स्मिता पोहे घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली, आणि मी बटण दाबलं.

स्क्रीन निळीशार!

"मामा, पाणी! फत्तराच्या वर नुसतं पाणीच पाणी!"

एवढा निळा रंग मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. शंका यायला नको? पण ती हसली होती हो!

"आगं ए, पोह्यावर भागवू नका, शिरा करा!" सुभेदार आत ओरडले. तात्या धावत आले, "माज्या बी रानाखाली बघा की!" बघितलं. तिथंही पाणी! बांधावरच्या म्हसोबाखालीही पाणी! सुभेदारांनी तर बोअरच्या गाडीवाल्याला फोनच लावला.

स्मिता वाकून बघत होती. तिनं माउस घेतला आणि नकाशा लांबून दाखवला.

"बाबा, आपल्या रानाच्या खालच्या अंगाला नॉर्वे कसं काय?"

मी भरलेले आकडे पुन्हा बघितले. अक्षांशाच्या जागी रेखांश, रेखांशाच्या जागी अक्षांश! सगळा ऊस म्हसोबासकट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात!

आकडे सरळ केले. ऊस कोरेगावला परत आला, निळा रंग गेला आणि खाली ठणठणीत काळा फत्तर उरला. सुभेदारांनी फोन ठेवला.

"आमी आख्खी नोकरी बर्फात काढली, पावनं. आता ऊस बी बर्फातच लावायचा व्हय?"

मी चपला शोधायला लागलो. तोच स्मिता पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली, की थांबेचना.

"बाबा, मला पसंत हाय. जन्मभर करमणूक तरी हुईल!"

लग्नाच्या दिवशी पहाटेच आमच्या सांगलीच्या दारात जीप उभी. पुढे फेटा बांधून तात्या.

"अहो तात्या, तुम्ही कशाला त्रास घेतला? रस्ता माहितेय मला!"

"त्याचंच भ्या हाय सुभेदारास्नी! म्हणालं, नवरदेवाला हाताला धरून आणा. त्याच्या भरवशावर वऱ्हाड सोडलं, तर अक्षता टाकायला पांढरी अस्वलं मिळत्याली!"