पाठकोरे कागद

आमच्या चारकोपच्या सोसायटीत लेखक एकच, कुंडलिकराव. तीस वर्षं नोकरी सांभाळून त्यांनी जयंतीच्या स्मरणिकांतून कथा लिहिल्या. निवृत्त झाल्यावर जाहीर केलं की आजवरचं सगळं कच्चं होतं, खरी कादंबरी आता येणार. त्यासाठी कापडी बांधणीची जाडजूड वही आणली आणि कुणी हात लावू नये म्हणून कपाटावर ठेवली.

त्यांची बायको शकू माझी मैत्रीण. मी दर्शना, समोरच्या दारातली. शकू सातवी शिकलेली. तिची आई द्रौपदी आजारी होऊन गावाहून आली आणि सहा महिने त्यांच्या स्वयंपाकघरात पडून राहिली. म्हातारी बोलत राहायची: पाणवठ्यावरून कुणी हुसकलं, पहिलं मूल कुठल्या बांधावर झालं, जात्यावर काय गायली. शकू ते लिहून घ्यायची. कशावर, तर नवऱ्याच्या जुन्या कथांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. नवा कागद मागायची तिची हिंमत नव्हती आणि कुंडलिकरावांनीही कधी दिला नाही. दुपारी ती मला वाचून दाखवायची. यांच्या कथा वाचताना मला झोप लागते. म्हातारीचं ऐकताना मी चारदा रडले. मग म्हातारी गेली. त्या कागदांशिवाय तिचं काही उरलं नाही. फोटोसुद्धा एकच, आधार कार्डावरचा.

मार्चमध्ये शकू लेकीच्या, सपनाच्या, बाळंतपणाला मुलुंडला गेली आणि कुंडलिकरावांनी साफसफाई काढली. बाकीचे लोक रद्दीवाल्याला बोलावतात. हे महाशय एकेका कागदाचे चार तुकडे करत बसले, का तर कुणी कल्पना चोरेल. चोरणार कोण? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिसऱ्या दिवशी मी पोहे द्यायला गेले, तोवर दोन पोती कचऱ्याच्या गाडीत गेली होती. तिसरं दाराशी होतं.

"भाऊजी, मागची बाजू बघितलीत काय?"

"बघितली ना. शकूचं काहीतरी खरडलेलं. शेंडा ना बुडखा."

"अहो, तिच्या आईचं आहे ते!"

"मग? कागद माझेच ना?"

पोह्यांची बशी मी तशीच परत आणली. पोतंही उचललं.

शकू आल्यावर तिला सगळं सांगितलं, त्यांचं ते वाक्यसुद्धा. ती रडली नाही. रडली असती तर यांचं निभावलं असतं. सकाळी ते फेरफटक्याला गेले की ती पोतं घेऊन माझ्याकडे बसायची, तुकड्याला तुकडा जुळवायची, खळ लावायची. पाणवठा सापडला. ओव्या निम्म्या सापडल्या. बांधावरचं मूल गेलं ते गेलंच. त्या दिवशी तिने जेवण टाकलं.

कुंडलिकराव मुहूर्त मानत नाहीत, पण कादंबरीला बुद्ध पौर्णिमा धरली. सकाळी मलाही बोलावलं, साक्षीला. पेन सरसावून त्यांनी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत म्हातारीच बोलत होती. चार चार तुकडे सांधलेले, मध्ये भोकं. यांच्या कथा खाली, खळीत तोंड घालून.

"अगं, माझी वही!" ते ओरडले. "आता मी लिहू कशावर?"

शकू भाकरी थापत होती. तिने मानही वळवली नाही.

"बघा," ती म्हणाली, "घरात पाठकोरं काही उरलं असलं तर."