न सांगता आलेला

आमच्या हॉस्टेलच्या कपाटात गुलाबी कव्हरांच्या कादंबऱ्या आहेत. नोकरी करणारी एकटी मुलगी, तिच्या फसलेल्या डेट्स आणि शेवटी तो. त्यातली एक हातात घेतली की आपोआप एकाच पानावर उघडते, इतक्या जणींनी ते पान पुन्हापुन्हा वाचलंय. त्या पानावर तो न सांगता तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहतो. मीही तिथे दर वेळी विरघळते.

काल संध्याकाळी तेच पान वाचत होते. खिडकीशी केस विंचरत असलेली माझी रूममेट ऋतुजा एकदम हसली. "अगं, तो आलाय बघ! रविवारी कॉफीला भेटलेला. न सांगता आला!"

मी डोकावून पाहिलं. गेटसमोर एक जण बाइकला टेकून उभा होता. हात हलवत नव्हता, फोन करत नव्हता. एवढ्या खिडक्यांतून नेमका आमच्याच खिडकीकडे बघत होता.

"पत्ता कधी दिलास त्याला?"

तिचा कंगवा केसांतच थांबला. "मी तर दुसरंच हॉस्टेल सांगितलं होतं गं."

पुस्तकातल्या तिनेही पत्ता दिलेला नव्हता. ते पान झिजेपर्यंत वाचूनही हे आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी खिडकी लावून घेतली. काचेतून दिसत होतं, तो अजून वरच बघत होता.