पंख्याला घातलेलं तेल

सूनबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. स्वयंपाक उरकून ती सहाला घरातच कॉम्प्युटरसमोर बसायची आणि दुपारपर्यंत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. नोकरी नवी होती. हेडफोनचा फोम झिजल्याने कान लाल व्हायचे. पहिल्या पगारातून घ्यायचा मऊ गादीचा हेडफोन तिने दुकानात डोक्याला लावून पसंत करून ठेवला होता.

मी तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. "बसून कसले आलेत कष्ट?" असं तिला तोंडावर म्हणायचो.

एकदा कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला.

"बाबा, रविवारी मी ब्रशने धूळ काढते. तोवर हात लावू नका हं."

यंत्र कुरकुरलं की तेल मागतं, हे मला कुणी शिकवायचं! दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी पंख्यात शिवणयंत्राचं तेल सढळ हाताने ओतलं.

दुसऱ्या दिवशी तेलाधुळीचा चिखल होऊन पंखा अडकला. ग्राहकाशी बोलता बोलता कॉम्प्युटर तापून बंद पडला, तो पुन्हा सुरू होईना. तिने झाकण उघडलं. बोटाला तेल लागलं. माझ्याकडे एकदाच बघून तिने साहेबांना फोन केला.

"सर, साफ करताना माझ्याच हातून बिघडला. नोकरीवरून काढू नका."

मी शेजारीच उभा होतो.

शेजारणीच्या कॉम्प्युटरवर तिने महिना पुरा केला. जुन्या हेडफोनवर मोज्याचा तुकडा शिवून घेतला, कारण पहिला पगार नवा पंखा आणि मदरबोर्ड आणण्यात गेला.