न निघणारी दांडी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला चक्कर यायला लागली की त्याचं काय करायचं, याचं उत्तर कंपनीकडे तयार असतं. त्याला घरी पाठवायचं. घरी आलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हे मात्र बायकोने बघायचं असतं.

ही बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, फुटलेल्या परीक्षानळ्यांचे तुकडे उचलायचे, आणि "बाई, हे चाखून बघू?" असं विचारणाऱ्याच्या डोक्यात टपली मारायची. शाळेत काय, घरी काय, तिचा खाक्या एकच: काम दिसलं की उरकलं. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तू जन्मतानासुद्धा सुईणीला म्हणाली असशील, बाजूला हो, माझं मी बघते."

नवरा अगदी उलटा. त्याचं सगळं आयुष्य लिफ्टच्या काळोख्या खड्ड्यात गेलं होतं आणि तिथली शांतता त्याच्या अंगात मुरली होती. लिफ्ट मध्येच अडकून आतली माणसं बोंब मारायला लागली की हा वरून सांगायचा, "ओरडू नका, गाणी म्हणा. मी निघतो तेव्हा तुम्हीही निघाल." त्या माणसाला एक दिवस मशीनच्या खोलीत चक्कर आली. मग पुन्हा आली. कानाचा डॉक्टर म्हणाला, तोल सांभाळणारी जागा बिघडली आहे. औषधाने आराम पडेल, पण मूळ दुखणं जाणार नाही. उंचावर चढायचं नाही, रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरायचा.

झालं. माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, तो बसलाच. चिडला नाही, रडला नाही, साधं वर्तमानपत्रसुद्धा उलगडलं नाही. ती शाळेतून येऊन विचारायची, "काय करताय?"

"बसलोय."

हे ऐकून ऐकून तिचे कान किटले. डॉक्टरने दोष कानात सांगितला होता. तिच्या मते तो कानात कमी आणि खुर्चीत जास्त होता. एका रविवारी तिने स्टूल घेतलं, माळ्यावर चढली आणि त्याची जुनी शर्यतीची सायकल ओढून खाली काढली.

लग्नाआधी तो तिला भेटायला हिच्यावरूनच यायचा. पोलादी, बारीक नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची. गडद हिरवा रंग आणि नळ्यांवर बनवणाऱ्याने कुंचल्याने ओढलेली पिवळी रेघ. सायकल भिंतीला टेकवताना तो जितकं जपायचा, तितकं तिच्याशी बोलताना कधी जपला नाही. आता सायकलीचे टायर भाकरीच्या कडेसारखे वाळून फाटले होते, साखळीचा गंजून दांडा झाला होता.

"ही नीट करा," तिने बाल्कनीत सायकल टेकवून फर्मावलं.

"कशाला?"

"चालवायला. सायकल काय पांघरायला असते?"

"अगं, पण माझा तोल..."

"आधी नीट तर करा. बसायचं तेव्हा बसा. सायकल काही दहाव्या मजल्यावर चालवायची नसते."

तिच्या डोक्यात हिशेब स्वच्छ होता. सायकल तयार होणार, हा तिच्यावर बसणार, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणार, आणि येईल तो जुना माणूस असेल. तिला तो परत हवा होता. बाकी सगळं गेलं चुलीत.

आणि काय आश्चर्य, मात्रा लागू पडली. दुसऱ्या दिवशी ती आली तर बाल्कनीत वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यावर सायकलीचे भाग ओळीने मांडलेले. रॉकेलचा डबा, जुना टूथब्रश, आणि मध्ये मांडी घालून नवरा. ब्रेक, पायडलचे दांडे, गिअर हलवणारी यंत्रं, सगळं ॲल्युमिनियमचं. घासून घासून त्याने ते असं चकचकीत केलं की ती म्हणाली, "आरसा काढून टाकू आता. दाढी यातच बघून करा."

खर्चाला हात आखडता होता, म्हणून नवं काही आणायचं नाही असं ठरलं. समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा मोठा होऊन परगावी गेला होता. त्याची धूळ खात पडलेली सायकल आईने आनंदाने देऊन टाकली. तिचं मागचं चाक जास्त गिअरचं. पण ते जुन्या सांगाड्यात बसेना, थोडं रुंद पडायचं. मग त्याने आट्यांची एक सळई आणली, मागच्या दोन नळ्यांमध्ये आडवी घातली आणि दोन्हीकडचे नट रोज किंचित किंचित फिरवून नळ्या फाकवायला लागला.

"एकदाच काय ते ताणा की," ती म्हणाली.

"पोलाद आहे. घाई केली तर रुसतं. रोज थोडं मागितलं तर देतं."

जेवताना तो बोलायला लागला. छर्ऱ्यांबद्दल, ग्रीसबद्दल, पण बोलायला लागला. तिने ते सगळं न जांभई देता ऐकलं. तिच्या स्वभावाच्या बाईने याहून मोठं प्रेम काय करावं?

मग घोडं अडलं ते सीटच्या दांडीपाशी.

ही दांडी ॲल्युमिनियमची, आणि जिच्यात ती घुसलेली ती नळी पोलादाची. वर्षानुवर्षांचा घाम आणि दमट हवा मध्ये जाऊन दोन्ही धातू एकमेकांना असे चिकटले होते की जन्माची गाठ पडावी. त्याने तेल सोडलं. पिळून बघितली. गरम पाणी ओतलं, बर्फ लावला. तिने दुकानातून अमोनिया आणला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, दांडी ढिम्म. पुढे रोज तेच. सकाळी तेल सोडायचं, हातोडीने हलकेच टकटक करायची, कान लावून ऐकायचं, पिळायचं, आणि संध्याकाळी तिला सांगायचं, "आज हलल्यासारखी वाटली."

"मान हलली असेल तुमची."

आठवडे गेले. बाकी सगळं तयार. चाकं भिंतीला टांगलेली, चकचकीत भाग पेपरावर वाट बघत पडलेले.

"कॉस्टिक सोडा," ती एकदा म्हणाली. "ॲल्युमिनियम खातो, पोलादाला शिवत नाही. नववीतल्या पोरांना माहीत आहे. दांडी आतून पोकळ आहे, त्यात ओतू. विरघळून जाईल."

"रंग जाईल."

"रंगाला मेण फासू."

"ही रेघ हाताने ओढलेली आहे. अशी आता कोण ओढणार?"

"मग काय, दांडी निघेपर्यंत आपण म्हातारे होणार का?"

"झालोच आहोत. बघू."

हे 'बघू' तिला विंचवासारखं डसायचं. तिने धाकटीला फोन करून मन मोकळं केलं. धाकटी म्हणाली, "भाऊजी रमलेत ना? मग तुला काय टोचतंय?"

"रमायला नाही काढली सायकल. चालवायला काढली."

"ताई, तुला माणूस हवाय की निकाल?"

"फोन ठेव," ती म्हणाली.

धाकटीचा नवरा त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाणार होता, त्या दिवशी तिने शाळेत सुट्टी टाकली. दोघांची पाठ वळली आणि तिने पदर खोचला. हातमोजे, डोळ्यांवर प्रयोगशाळेतला चष्मा, अंगावर जुना रेनकोट. कुठे कसूर नाही. सांगाडा उलटा करून बाल्कनीच्या गजांना बांधला. हिरव्या रंगावर आणि रेघेवर मेणाचा जाड थर दिला. खाली बादली ठेवली. पायडलचा आस बसतो त्या भोकातून कॉस्टिकचं पाणी हळूहळू आत सोडलं. आतून फसफस ऐकू आली, नळी गरम झाली, फेस चढला. तिने चष्म्याआडून समाधानाने बघितलं. आठवडेच्या आठवडे जे त्याच्या हातून झालं नाही, ते तिने चहाच्या आधी आटोपत आणलं होतं.

तेवढ्यात फोन. धाकटीचा नवरा. डॉक्टरला कानाच्या जुन्या तपासणीचा कागद हवा होता, तो घरीच राहिला होता. "ताई, जरा शोधून वाचून दाखवता?" तिने कपाट उपसलं. कागद गादीखाली सापडला. तिने वाचला, त्याने तिकडे डॉक्टरला सांगितला, डॉक्टरने परत काही विचारलं, तिने परत वाचला.

बाल्कनीत आली तेव्हा दांडी निघाली होती. विरघळून उरलेला गड्डा वजनाने खाली सुटला होता, बादलीच्या काठावर आपटला होता, आणि बादली आडवी. पाणी उताराने निघालं होतं. उतार कोपऱ्यातल्या मोरीच्या भोकाकडे आहे, हे ती रोज फरशी पुसताना बघत होती. भोकाच्या वाटेवर वर्तमानपत्रं होती. वर्तमानपत्रांवर त्याचे आरशासारखे भाग होते. ॲल्युमिनियमचे.

त्यांच्यावर फेस खदखदत होता. तिने तांब्यावर तांबे पाणी मारलं, मोजे घातलेल्या हातांनी एकेक उचलून नळाखाली धरला. पायडलचे दांडे काळे, खड्डे पडलेले. ब्रेक राखेच्या रंगाचे. सांगाड्याकडे बघितलं, तर गरम नळीवरचं मेण वितळून ओघळलं होतं आणि सोड्याने तिथला रंग सुरकुतून सोलला होता. रेघेचा वरचा अर्धा भाग गेला होता. मिश्रण तापतं, हेसुद्धा नववीतल्या पोरांना माहीत असतं.

तो आला तेव्हा ती दारातच उभी होती. "मी केलं," ती म्हणाली. "आधीच सांगते. दांडी काढायला गेले आणि सगळ्याची वाट लावली."

तो बाल्कनीत गेला. भागांकडे त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. टॉर्च घेतली, नळीत डोकावला, आत बोट फिरवलं.

"निघाली," तो म्हणाला.

"हो."

"साफ निघाली गं."

आणि आत येऊन खुर्चीत बसला.

"ओरडा की," ती म्हणाली. "अहो, चार शब्द सुनवा मला! एवढी मेहनत तुमची. लिफ्टमध्ये अडकलेली माणसंसुद्धा ओरडतात!"

"ओरडून काय होणार?"

"भाग मी आणीन दुसरे. जुन्या बाजारात मिळतात. रंग देऊन घेऊ. आता तर दांडीही नाही मध्ये, पुढच्या महिन्यात बसाल तुम्ही..."

"डॉक्टर नाही म्हणाला."

"कशाला?"

"सायकलला. तसा पहिल्या वेळीच नाही म्हणाला होता. तुला सांगितलं नव्हतं. आज परत विचारून बघितलं. म्हणाला, विसरा. रस्त्यात पडाल, मागून गाडी येईल."

ती पलंगावर बसली. "मग इतके दिवस काय करत होतात?"

त्याने हाताच्या बोटांकडे बघितलं. नखांत अजून काळं ग्रीस होतं.

"दांडी निघत नव्हती ना," तो म्हणाला. "तोवर बरं होतं. सकाळी उठलं की काम होतं. निघाली असती तर सायकल पुरी झाली असती. पुरी झाली असती तर बसावं लागलं असतं. मग तुला सांगावं लागलं असतं."

डॉक्टरला शिव्या द्याव्यात, तर तो खरं बोलला होता. नवऱ्याला द्याव्यात, तर त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं? राहता राहिली ती स्वतः. स्वतःला शिव्या देऊन पोट भरत नाही, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं.

पुढचे दिवस तिने नाना उपाय केले. गळका नळ दाखवला. त्याने वायसर बदलला आणि परत बसला. शाळेतला बिघडलेला तराजू आणला. त्याने चहा निवायच्या आत तो सरळ केला आणि परत बसला. हात चांगले होते, तिथेच तर मेख होती. जे दुरुस्त व्हायचं ते लगेच होऊन जायचं. शेजाऱ्यांचं घड्याळ, धाकटीची शिलाई मशीन, सगळं आलं तसं गेलं. शाळेतून आल्यावर ती आता "काय करताय?" असं विचारत नसे. तो मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघून आपण होऊन सांगायचा, "बसलोय गं." जसं काही तिची समजूत काढत होता.

शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता भंगारवाल्याकडे गेली. लोखंडाचे डोंगर, आणि एका कडेला सायकलींची रास.

"जुनी सायकल हवी," ती म्हणाली.

भंगारवाल्याने लगेच एक ओढून काढली. "ही न्या बाई. टकाटक आहे, नुसती हवा भरायची."

तिने सीट धरून पिळली. फिरली. "नको. दांडी हलते हिची."

"हलणारच की. खालीवर कशी करणार मग?"

"मला अडकलेली हवी. घट्ट गंजलेली. काही केल्या निघणार नाही अशी."

भंगारवाल्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुणाला द्यायची आहे?"

"नवऱ्याला."

"एवढं काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं. तेच तर दुखणं आहे. आहे का सांगा."

"तसली आली की मी आधी कापतो बाई. जागा कोण अडवणार?"

"यापुढे कापू नका. माझ्यासाठी ठेवा."

"ठेवीन. पण कधी येईल याचा नेम नाही." तो खांदे उडवून आपल्या काट्याकडे वळला. "त्या राशीत असली तर बघा. तुमचं नशीब."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि राशीत शिरली. हँडलं बाजूला सारत, पाय जपून टाकत, एकेक सीट दोन्ही हातांनी धरून ती पिळत गेली. तळवे गंजाने लाल झाले. काही कुरकुरल्या, काहींनी जरा जोर मागितला. पण एकूण एक फिरली.