‘सुखात आहे’ असं मी लिहिलं

ज्या वयात माझ्या वर्गातल्या मुली नांदायला गेल्या, त्या वयात मी दुसऱ्यांच्या मुलींना नांदायला पाठवत होते. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं आमचं महिला मंडळ होतं. पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालायचा आणि मागच्या खोलीत जाजम अंथरून समेटाचं काम. नवरा मारतो, सासू जेवायला घालत नाही, दीर अंगावर धावून येतो, असल्या तक्रारी घेऊन बायका यायच्या. कुणी माहेरच्या माणसाबरोबर, कुणी एकटी, चप्पल न घालता. त्यांचं ऐकून घ्यायचं, सासरच्यांना निरोप धाडायचा, दोन्हीकडची माणसं जाजमावर समोरासमोर बसवायची आणि गाठ पुन्हा बांधून द्यायची, एवढा आमचा धंदा.

धंदा हा शब्द मोठ्या बाईंना खपला नसता. मोठ्या बाई म्हणजे मंडळाच्या प्रमुख. मुलींच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या, विधवा, बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे न होऊ देणाऱ्या. मी त्यांच्या हाताखाली होते. वडील मास्तर, मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, आणि जीभ त्याहून बरी. त्यामुळे वही लिहायचं आणि समजूत घालायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. पेठेतल्या बायका मागून म्हणायच्या, "सोता नांदली न्हाय आन् दुसऱ्याला नांदाय शिकीवती." त्या म्हणायच्या ते खरंच होतं, पण तेव्हा मला राग यायचा.

समेट झाला की तिथंच जाजमावर सासूनं सुनेची ओटी भरायची, अशी आमची पद्धत होती. खण, नारळ, तांदूळ मंडळाचेच. मग सगळ्यांना चहा. तो झाला की मी वहीत तिच्या नावापुढे लिहायचे, ‘नांदती झाली’. हे दोन शब्द लिहिताना मला फार बरं वाटायचं. महिनाअखेरीस सभासद बायकांपुढे वही वाचली जायची आणि ‘नांदती झाली’ जास्त आले की सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. मी मान खाली घालून बसायचे, पण कान टवकारलेले असायचे.

ती आली ती भावाबरोबर. पन्हाळ्याच्या पायथ्याला तिचं सासर, माहेर त्याच्या अलीकडे तीन-चार कोसांवर. दोन्ही घरं शेतकरी, खाऊन-पिऊन सुखी. माझ्याहून एखाद्या वर्षानं लहान असेल. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं, त्यावरून नवरा मारायचा आणि सासू त्याला आणखी चढवायची. हे सगळं भावानं सांगितलं. तो चांगला बोलका होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी तिला दोन-तीनदा विचारलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "मला तितं धाडू नगासा."

मी तिची समजूत घालायला घेतली. भांड्याला भांडं लागायचंच, म्हटलं. घरोघरी मातीच्या चुली. माहेर किती दिवस पुरणार, उद्या भावजय काय म्हणेल, याचा विचार कर. ही सगळी वाक्यं मला पाठ होती आणि मी ती चांगली म्हणायचे. भाऊ माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. पुढच्या आठवड्यात नवरा आणि सासू आली. नवऱ्यानं मोठ्या बाईंपुढे जोतिबाची आण घेतली, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. सासूनं ओटी भरली. पोरीनं पदर पसरला तेव्हा तिचे हात स्थिर होते. मला वाटलं, पोरीचं मन वळलं. मी वही पुढे ओढली.

तीन महिन्यांनी सासरी जाऊन बघून यायचं, हाही मंडळाचा नियम. निघताना मोठ्या बाई म्हणाल्या, "एकटीला गाठ. चार शब्द तिच्याशी एकटीशी बोल, मग परत ये." मी "हो" म्हटलं. असल्या सूचना आता मला कशाला, असंही मनात आलं.

एस.टी. मला फाट्यावर सोडून वर पन्हाळ्याकडे गेली. तिथून अर्धा कोस चालायचं होतं. दुपारची वेळ, अंगावर ऊन. घर सापडायला वेळ लागला नाही. सासू दारातच होती. "या की पावणं, या," म्हणून तिनं एवढ्या मोठ्यानं स्वागत केलं की शेजारची दोन माणसं बाहेर आली. घोंगडं अंथरलं, तांब्या दिला. शेण्या रचलेल्या, अंगण सारवलेलं, गोठ्यात दोन म्हशी. पोरगी आतून गुळाचा चहा घेऊन आली. अंगावर नवं लुगडं होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू. जरा वाळली होती. पण उन्हाळ्यात कोण वाळत नाही?

"बरं चाललंय ना?" मी विचारलं.

"बरं हाय की," ती म्हणाली.

सासू तिच्या शेजारीच उभी होती. "इचारा इचारा, काय इचारायचं त्ये," ती हसत म्हणाली. "आमी कुटं तोंड दाबलंया तिचं?"

मी आणखी दोन प्रश्न विचारले. जेवतेस ना वेळेवर? व्हय. मारहाण नाही ना आता? न्हाय. नवरा शेतावर होता. सासूनं शेंगा आणल्या, मळ्यातल्या उसाचं कौतुक सांगितलं, एक खण माझ्या हातात ठेवला. मोठ्या बाईंचं सांगणं माझ्या लक्षात होतं. पण यजमानीणबाईला तिच्याच घरात बाजूला हो कसं म्हणायचं? मी मास्तरांची मुलगी होते. चहा नको म्हणायचा असला तरी आधी तीनदा आभार मानायचे, अशी आमच्या घरची शिकवण.

मी उठले तेव्हा ती सासूकडे वळली. "आत्ती, बाईस्नी एष्टीपातुर घालवाय जाऊ?"

खेड्यात आलेल्या माणसाला घालवायला जायचं, म्हणजे वाटेला लावून द्यायचं, ही रीतच आहे. शेजारची माणसं बघत होती. सासूला नाही म्हणता येईना. "जा की," ती म्हणाली. पोरीनं डोईवरचा पदर सारखा केला आणि पायरी उतरली.

आणि मी म्हटलं, "कशाला उगीच उन्हातान्हात? मला वाट माहीत आहे. तुझी कामं पडली असतील."

"न्हाई, येते की," ती म्हणाली. "कामं झाली हायती."

"अगं, खरंच नको."

"बगा," सासू म्हणाली, "बाईस्नी किती कळतंया. जा गं, म्हशीला पानी दाव."

ती पायरीवर उभी राहिली. मी वळून एकदा हात हलवला. फाट्यावर झाडाखाली मला एस.टी.ची पाऊण तास वाट बघावी लागली. तेवढ्यात मी शेंगा खाल्ल्या. संध्याकाळी मंडळात येऊन लिहिलं, ‘समक्ष भेट घेतली. घर स्वच्छ, सासू प्रेमळ. सुखात आहे.’ मोठ्या बाईंनी विचारलं, "एकटीशी बोललीस?" मी म्हटलं, "हो." तोंडातून सहज निघून गेलं. खोटं बोलायचं असं ठरवून बोलले असते तर निदान आवाज तरी कापला असता.

महिन्याभरानं तिचा भाऊ बाजाराला म्हणून शाहूपुरीत आला होता, तो मंडळात डोकावला. बहिणीचं कसं काय, म्हणून विचारायला लागला. मी वही काढली आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितं लिवलंय न्हवं?" मी म्हटलं, "इथंच." तो हात जोडून गेला. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं, हे सांगायला आज जिभेवर दगड ठेवल्यासारखं होतं. पण वाटलं होतं खरं.

दिवाळी होऊन गेल्यावर ती आली. एकटी, पायी. शिवणाच्या वर्गातल्या मुली यंत्रं थांबवून बघत राहिल्या. उजवा हात तिनं डाव्या हातानं धरला होता. मनगट मोडून वाकडं जुळलेलं होतं. गावातल्या कुणीतरी बांबूच्या पट्ट्या बांधून बसवलेलं. मी घाईनं उठले, जाजम झटकलं, पाणी आणलं, वही घेतली. मोठ्या बाई येऊन बसल्या. मी म्हटलं, "बोल, काय झालं?"

ती माझ्याकडे बघून मोठ्या बाईंना म्हणाली, "ह्यांस्नी जरा भाईर बसवा."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसण्याचा प्रयत्न केला, म्हटलं, "अगं, मीच तर आले होते तुझ्या घरी."

"व्हय," ती म्हणाली. "म्हून."

त्या एका शब्दात राग नव्हता. दुखऱ्या जागेवरून माशी हाकलावी तसं तिनं मला बाजूला केलं. मी उठून पुढच्या खोलीत, शिवणाच्या मुलींमध्ये जाऊन बसले. दारातून तिचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. ती किती वेळ बोलली, अर्धा तास तरी नक्की. न थांबता, स्पष्ट, मध्येच आवाज चढवून. ही मुलगी इतकं बोलते, हे मला माहीतच नव्हतं. मी तिची समजूत घातली होती, तिच्या घरचा चहा प्याले होते, पण तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मोठ्या बाई बाहेर आल्या त्या माझ्या शेजारी बसल्या. जे झालं होतं ते त्यांनी शांतपणे सांगितलं. मी जाऊन आल्यावर सासरच्यांना आणखी जोर आला. मंडळाची बाई बघून गेली, आता कुणाला सांगशील, असं म्हणत मारायचे. भाद्रपदात ती पळून भावाकडे गेली. भावानं तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि स्वतः पोचवायला गेला. "मंडळात लिवलंय तू सुखात हाईस म्हून. मी माज्या डोळ्यानं बगितलंय. त्या बाई खोटं लिवतील व्हय?" त्याच रात्री तिचं मनगट मोडलं.

"तिनं तुला घालवायला येऊ का म्हणून विचारलं होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"सासुरवाशिणीला घराबाहेर बोलायला तेवढीच वाट असते गं," त्या म्हणाल्या. एवढं म्हणून त्या उठून परत आत तिच्याकडे गेल्या. रागावल्या असत्या तर मी रडले असते, मग कुणीतरी माझी समजूत घातली असती. त्यांनी मला तेही करू दिलं नाही.

ती परत सासरी गेली नाही. मोठ्या बाईंनी तिला मंडळातच ठेवून घेतलं. शिवणाच्या यंत्रावर तिचा हात चालेना, म्हणून मंडळानं नव्यानं काढलेल्या बालवाडीची पोरं सांभाळायचं काम दिलं. ती ते चांगलं करायची. माझ्याशी नीट वागायची, ‘बाई’ म्हणायची, पाण्याचा तांब्या आणून द्यायची. पण तिच्या घरची एकही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नाही, आणि मी विचारण्याची हिंमत केली नाही.

मोठ्या बाईंनी वहीतली ती नोंद दुरुस्त करायला सांगितली. मी जुन्या ओळीखाली लिहिलं, ‘भेटीच्या वेळी सासू हजर असल्याने बाईस बोलता आले नाही.’ मोठ्या बाईंनी वाचलं आणि सही केली. सगळ्यांना ते पटलं. पुढे मंडळात कामाला नवीन आलेल्या मुलींना मोठ्या बाई ती नोंद दाखवून शिकवायच्या, की बघा, सासू समोर असली की असं होतं. ते ऐकताना मी खिडकीतून बाहेर बघत राहायचे.

कारण ते खरं नव्हतं. सासू अंगणात राहणार होती. आम्ही दोघी अर्धा कोस एकट्या चालणार होतो. आणि पायरी उतरताना तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा, मी कितीही नाही म्हटलं तरी, मला कळलं होतं. ही वाटेत काहीतरी सांगणार, आणि ते ऐकलं की मला वहीतलं ‘नांदती झाली’ खोडावं लागणार, हे मला त्या क्षणी कळलं होतं. उन्हाचं निमित्त होतं. मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी तिला नको म्हटलं.