गुरांच्या दवाखान्यातला फौजी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तसं पाहिलं तर तपास चांगला झाला, आरोपी सापडले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा की" म्हटलं की मी चोऱ्या-दरोडे सांगतो, ही सांगत नाही. आज लिहून मोकळा होतो. मात्र माणसांची नावं घेणार नाही आणि गावाचं तर मुळीच नाही.

तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यात, माळशिरसच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सगळा साखर कारखान्यांचा पट्टा. हंगाम सुरू झाला की ठाण्याचं निम्मं काम उसापायी. ट्रॅक्टर उलटला, बैलगाडीला कुणी धडक दिली, ऊसतोड्यांच्या झोपड्यांत भांडणं झाली, असलंच सगळं. त्या दुपारी ठाणे अंमलदार फोन ठेवून धावतच माझ्या केबिनमध्ये आला.

"साहेब, फाट्यावर पोरं पळवणारा पकडलाय. काळा परदेशी हाय म्हणत्यात. पब्लिक लई तापलंय."

आम्ही पोहोचलो तेव्हा तापलेलं पब्लिक निवलं होतं. गर्दीची एक रीत मी आयुष्यभर पाहिली. पोलिसांची गाडी दिसली की मारणारे आधी पांगतात, बघे तेवढे उरतात, आणि त्यांना विचारावं तर त्यातला प्रत्येक जण नुकताच आलेला असतो. बैलगाड्यांच्या तळावर, एका गाडीच्या जुवाखाली तो पडला होता. उंच, शिडशिडीत, विशीतला पोरगा. शर्ट फाटलेला. उजवा डोळा सुजून पार मिटला होता आणि त्यातून रक्त येत होतं.

खिशातल्या ओळखपत्रावरून उलगडा झाला. पोरगा दक्षिण सुदानचा, आफ्रिकेतला. सोलापुरात शेतीचं शिक्षण घेत होता. त्याला तातडीने सोलापूरला सिव्हिलमध्ये हलवलं. संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप आला की जीव वाचला, पण उजव्या डोळ्याचं काही सांगता येत नाही. शिकायला म्हणून आपल्याकडे आलेला पोरगा डोळा घालवून परत जातो की काय, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

अनोळखी जमावाविरुद्ध गुन्हा दाखल केला, घटनास्थळाचा पंचनामा केला, जबाब घ्यायला बसलो. जबाब सगळे एकाच साच्यातले. "बाहेरची मानसं व्हती साहेब, आमच्या गावचं कुणी न्हवतं." गाव एक झालं की पोलिसाला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

खबर आली ती अनपेक्षित बाजूने. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फाटकाशी एक ऊसतोड बाई मूल काखेत घेऊन घुटमळत होती. करमाळ्याकडची. हवालदार तिला हाकलणारच होता, मी आत बोलावलं.

"सायब, मुकादम म्हणतोय गप ऱ्हा, आपुन परगावची मानसं. पर मला घास गिळंना." तिने काखेतलं मूल पुढे केलं. "ज्याला पळवलं म्हणत्यात, त्ये ह्येच लेकरू. माझंच हाय."

"मग झालं काय?"

"बैल बुजला ओ. लेकरू त्याच्या पायापाशी खेळत व्हतं. त्यो पोरगा रस्त्यावनं पळत आला, एका हातानं लेकरू उचललं, दुसऱ्या हातानं वेसण धरली आन् बैलाला गप केलं. आपल्याच बोलीत. 'होऽ बाय, गप बाय' म्हणं. बैलाला बाय म्हणतंय बघून मला हसू आलं की. तेवढ्यात वरडा उटला."

"कोण ओरडलं?"

तिने एकदा मागे दाराकडे बघून घेतलं. "पानटपरीवाला. 'फौजी सांगत व्हता ती हीच मानसं, पोरं उचलत्यात' म्हणाला."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले की! घसा फुटस्तोवर वरडले. मला म्हणाले, तुला काय कळतंय, फौजी तितं राहून आलाय."

पानटपरीवाल्याला चौकशीला आणला. मारहाणीचं विचारलं असतं तर त्यानेही बाहेरची माणसं दाखवली असती. म्हणून मी चहा मागवला आणि मारहाण सोडून भलतंच काढलं. माणूस आपण केलेलं लपवतो, ऐकलेलं लपवत नाही. उलट ते सांगताना खुलतो.

"तुमच्या गावचा फौजी म्हणे आफ्रिकेत होता?"

"तर वो! शांतिसेनेत." गडी खुर्चीत सावरून बसला. "तितली मानसं दुसऱ्याची पोरं पळवत्यात अन् त्यांच्या हातात बंदुका देत्यात. आमच्या फौजीनं रानात घुसून पोरं सोडवून आणली. गोळीबार झाला, मुडदे पाडले. आख्ख्या गावानं मिरवणूक काढली की त्याची. वेशीवर फलक हाय, बघा एकदा."

फलक मी पाहिला होता. फेटा बांधलेला मिशाळ माणूस, हातात बंदूक, मागे आगीचे लोळ. तिकडे लढणाऱ्या टोळ्या मुलं पळवतात हे खोटं नाही. पण ज्यांची मुलं पळवली जातात ते लोकही त्याच रंगाचे असतात, एवढं सांगायची सोय त्या फलकात नव्हती. गप्पांच्या भरात टपरीवाल्याच्या तोंडून "आमी काय येडं हाय व्हय, फौजीनं सांगिटल्यावर गप बसायला" हे निसटलं, आणि तो त्याच क्षणी पांढरा पडला. पण मार कुणाकुणाचा, हे विचारल्यावर पुन्हा कुलूप.

मग मी सोलापूरला गेलो. पोरगा शुद्धीवर आला होता, डोळ्यावर मोठी पट्टी. माझं इंग्रजी ठाण्यापुरतं, त्याचं स्वच्छ. या गावात कशाला आला होतास, हा माझा पहिला प्रश्न होता.

"एका माणसाला शोधायला," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. तो लहान असताना त्यांच्या भागात दोन जमातींची कापाकापी सुरू झाली. घरातली माणसं गुरं हाकत संयुक्त राष्ट्रांच्या तळापर्यंत चालत आली आणि तळाशेजारच्या छावणीत राहिली. तळ भारतीय पलटणीचा. त्यांनी तिथे गुरांचा दवाखाना उघडला होता. त्या लोकांत गुरं म्हणजे सगळं काही. लग्न गुरांवर ठरतं, भांडण गुरांवरून लागतं. तेव्हा दवाखान्याच्या दारात दोन्ही जमाती यायला लागल्या, भाले घेऊन. डॉक्टरच्या हाताखाली पलटणीतला एक मदतनीस होता, सुया टोचायला आणि जनावर आवरायला. त्याने एक नियम काढला. कुणीही आपली गाय धरायची नाही. ज्यांच्याशी वैर त्यांची गाय धरायची, तरच आपल्या गाईला सुई.

"पहिल्या दिवशी सगळे परत गेले," पोरगा म्हणाला. "नंतर एका म्हातारीची गाय मरायला टेकली. माझ्या काकाने ती धरली. त्याच्या भावाला त्या लोकांनीच मारलं होतं. तरी धरली. म्हातारीने आमची धरली. मग रोज होऊ लागलं. दुसऱ्याची गाय धरायची तर भाला खाली ठेवावाच लागतो ना."

तो पोरगा दिवसभर त्या दवाखान्यातच असायचा. मदतनीस गाईंना चुचकारायचा, "होऽ बाय, गप बाय." पोरगा ते शिकला. मदतनीस आपल्या गावाचं सांगायचा. कारखाना, उसाच्या गाड्या, माणसाच्या उंचीच्या शिंगांचे बैल. मोठा झालास की ये, दाखवतो, म्हणायचा. म्हणून पोराने शिकायला सोलापूर निवडलं होतं, आणि सुट्टी मिळताच एसटीने त्या फाट्यावर उतरला होता.

"साहेब, तो सापडला का?" त्याने एका डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं.

मी "शोधतोय" म्हणालो आणि बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्दीत असताना मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

फौजीला ठाण्यात बोलावलं. आला तो ताठ. कडक सॅल्यूट, जय हिंद. मी आधी त्याला त्याची लढाई सांगू दिली. सगळं घोटून पाठ होतं. संपल्यावर विचारलं, "ज्याच्याशी वैर त्याची गाय धरायची, हा नियम कुणाचा?"

त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. हवालदाराने न सांगता खुर्ची पुढे सरकवली.

"आल्या आल्या खरंच सांगिटलं व्हतं साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "पारावर बसून. गुरांना सुया टोचल्या म्हणून. सगळे खदाखदा हसले. 'आरं, गुरंच वळायची व्हती तर एवढ्या लांब कशाला गेलास?' माझा पोरगा उटून निगून गेला तितनं. म्हणाला, माझी मित्रात इज्जत घालवली. सत्काराला पाव्हणे आले, त्यांनी माईकवर इच्यारलं, किती मारले? काय सांगू? सांगिटलं एक खोटं. मग दुसरं. मग त्यो फलक लागला. फलक लागल्यावर माघारी कसं फिरायचं?"

"त्या दुपारी तू कुठे होतास?"

यावर तो गप्प झाला. मी पुन्हा विचारलं नाही. चौकशीत गप्प राहणं हेही एक हत्यार आहे, पण त्या दिवशी मी ते वापरत नव्हतो. मला खरोखर ऐकायचं नव्हतं.

"टपरीवरच," तो शेवटी म्हणाला. "'होऽ बाय' कानावर आलं. लगीच वळाकलं साहेब. माझ्याशिवाय तितं कुणी शिकवलं असणार? दोन पावलं पुढं बी झालो. तेवढ्यात मनात आलं, ह्यो मला बघून गाईगुरांचं बोलाय लागला तर... आन् थांबलो. 'सोडा त्याला' एवढं म्हणालो असतो तरी सोडला असता. माझं ऐकत्यात गावात."

एवढं बोलून तो रडायला लागला. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. मारलेल्यांवर लावायला माझ्याकडे कलमं होती. याच्यावर लावायला एक नव्हतं. हसणाऱ्यांवर तर नव्हतंच.

त्याने मारणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेतलं, जबाबावर सही केली. सगळे ताब्यात आले. तपास तिथे पूर्ण झाला. पण मी फौजीला गाडीत घातला आणि सिव्हिलला नेला. वॉर्डाच्या दाराशी त्याने माझा हात धरला.

"मला आत नेऊ नका, साहेब. पाया पडतो."

"तो तुला शोधत आलाय," मी म्हणालो.

पोराने त्याला बघितलं मात्र, त्या पट्टीखाली अख्खा चेहरा उजळला. उठून बसायची धडपड करत तो मोठ्याने म्हणाला, "होऽ बाय!" आणि हसला. फौजी पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

त्याने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. तो मराठीत बोलायचा, मी इंग्रजीत सांगायचो. 'मी ओळखलं आणि गप्प राहिलो' हे वाक्य माझ्याच तोंडून त्या पोराला ऐकावं लागलं. मी ते सांगताना खिडकीबाहेर बघत होतो.

पोरगा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "गुरांना औषध दिलं म्हणून लोक हसले?"

मी हो म्हणालो.

त्याला ते समजेना. त्यांच्याकडे गाय वाचवणाऱ्याला म्हातारी माणसंही उठून जागा देतात. मग फौजीकडे बोट करून तो मला म्हणाला, "यांना सांगा, पलटण गेली तरी यांचा नियम राहिला. अजून भांडण मिटवायचं असलं की आमची मोठी माणसं दोन्हीकडच्यांना एकमेकांची गाय धरायला लावतात. त्या रिवाजाला आमच्याकडे नाव नव्हतं. म्हणून आम्ही यांच्या गावाचं नाव दिलंय."

हे मला मराठीत सांगायचं होतं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. फौजीच्या रडण्याचा आवाज मात्र आठवतो.

डोळा वाचला नाही. पोरगा शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी गेला. निघताना ऊसतोड बाईने लेकराला त्याच्या पाया पडायला लावलं, तेव्हा त्याने ते पुन्हा एकदा उचलून घेतलं. फौजीने वेशीवरचा फलक स्वतः शिडी लावून उतरवला, पारावर उभं राहून खरं काय ते सांगितलं आणि कोर्टात आपल्याच गावाविरुद्ध साक्ष दिली. या वेळी कुणी हसलं नाही. काही घरं अजून त्याच्याशी बोलत नाहीत, असं कानावर येतं.

मी उभी हयात दोन जमावांच्या मध्ये लाठी घेऊन उभं राहण्यात घालवली आणि त्याला शांतता म्हणत आलो. एका सुई टोचणाऱ्याने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं होतं, आणि त्याचं मोल मला त्याच्याच गावच्या माराने डोळा गमावलेल्या पोराकडून कळावं, ही गोष्ट मनातून जात नाही. हल्ली गावाकडे कुणी जवान सुट्टीवर आला की लोक त्याला गराडा घालतात आणि कुणीतरी विचारतंच, किती मारले? मी तिथून उठतो.

गावाचं नाव घेणार नाही, असं सुरुवातीला म्हणालो. वाचणाऱ्याला वाटेल, गावाची अब्रू राखतोय. तसं नाही. त्या नावाचा एक अर्थ तिकडे आहे, वैऱ्याची गाय धरणं. जगात निदान एका ठिकाणी तरी त्याचा तेवढाच अर्थ राहावा.